ठेकेदारामार्फत कामाला लागताय? सुरक्षेबाबत आपलं म्हणणं कसं मांडायचं

दिवाळी झाली की खान्देशात कामाचा हंगाम उभा राहतो. जामनेर, बोदवड, धरणगाव, चोपडा या पट्ट्यातल्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्या, सुरू होतात. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आणि दालमिल माणसं शोधू लागतात. नंदुरबारच्या पथारींवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर, लाल मिरची पसरते. सातपुड्यातून, साक्री-नवापूरकडून, मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडून टोळ्या उतरतात आणि मुकादमाच्या मागे थेट मशीनपाशी जाऊन उभ्या राहतात. नेमणूक तोंडी, हजेरी मुकादमाच्या वहीत, काम चार महिन्यांचं. हा लेख अशा पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी आहे.

मी स्वतः असाच लागलो होतो, एका दालमिलमध्ये. तिथल्या माल वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या पट्ट्यावरची जाळी दुरुस्तीसाठी काढली होती आणि पुन्हा बसवलीच नव्हती. आठ-नऊ दिवस आम्ही सगळे तिच्या बाजूने अंग चोरून जात होतो. मग एका रात्री माझ्या जोडीदाराची बाही पट्ट्यात गेली. हात वाचला, दोन बोटं गेली. नंतर बोलताना कळलं की जाळी नाही हे प्रत्येकाला दिसत होतं. कायम कामगारांना वाटत होतं, ठेकेदाराची माणसं आहेत, ठेकेदार बघेल. आम्हाला वाटत होतं, आपण चार दिवसांचे पाहुणे, कायमवाले सांगतील. ठेकेदार तर आठवड्यातून एकदा पगार वाटायला यायचा. सगळ्यांनी पाहिलं आणि कोणीच बोललं नाही. ती दोन बोटं मला आजही आठवतात, म्हणून हे लिहितोय.

पहिली पायरी: आपला मालक कोण, ते कामावर जाण्याआधी विचारा

तुम्हाला मुकादम आणतो, पैसे ठेकेदार देतो आणि मशीन कारखानदाराचं असतं. अशा वेळी काही झालं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून पहिल्याच दिवशी दोन नावं लिहून घ्या: ठेकेदाराचं आणि कारखान्याचं. कारखान्याच्या गेटवरच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढला तरी चालतो. पहिला पगार रोख मिळाला तर मुकादमाच्या वहीतल्या तुमच्या हजेरीच्या पानाचाही फोटो ठेवा. मुद्दाम भांडणासाठी नव्हे. आपण इथे काम करत होतो याचा पुरावा हंगामी माणसाकडे बहुतेक वेळा एवढाच असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही आपल्या विषयाची. १९४८ चा कारखाना कायदा आता तिच्यात सामावला आहे. या संहितेच्या कलम ६ प्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. बूट, हातमोजे, मास्क यांचे पैसे पगारातून कापले जात असतील तर ते चूक आहे. नेमणूक पत्र मागायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. एकट्याने मागू नका. टोळीतल्या पाच-सहा जणांनी मिळून मुकादमाला म्हणा, "दादा, आमचे कागद करून द्या, बँकेत लागतात." बहुतेक मुकादमांना हे पटतं.

दुसरी पायरी: पहिल्या पाळीत चार प्रश्न

मशीन चालवायला शिकण्याआधी ते बंद करायला शिका. नवा माणूस आला की त्याला फीडिंग कसं करायचं ते दाखवतात, लाल बटण कुठे आहे ते कोणी दाखवत नाही. म्हणून तुम्हीच विचारा. हे मशीन तातडीने कुठून बंद होतं? मेन स्विच कुठे आहे? आग लागली तर बाहेर पडायचा दरवाजा कोणता, आणि रात्री त्याला कुलूप असतं का? पाळीत कोणाला लागलं तर गाडी कोण बोलावतं? गाडीसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर पाठ असू द्या.

कुलपाचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. माल चोरीला जाऊ नये म्हणून रात्रपाळीत मागचा दरवाजा बाहेरून बंद करणारे कारखाने मी पाहिले आहेत. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली तर ती डोळ्यांदेखत पसरते, तेव्हा किल्ली शोधायला वेळ नसतो. दरवाजा बंद दिसला तर त्याच रात्री सांगा.

भाषेचंही तसंच. सुरक्षेच्या पाट्या मराठीत किंवा इंग्रजीत असतात, आणि जिनवर उभा असलेला पोरगा पावरी किंवा भिली बोलणारा असतो. त्याला पाटीचा काय उपयोग? प्रशिक्षण कळेल अशा भाषेत हवं. टोळीत एकालाही मराठी-हिंदी नीट येत असेल तर त्याने पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटं बाकीच्यांना समजावून सांगायचं, आणि त्या पाच मिनिटांची हजेरी धरायची, हे मुकादमाशी आधीच ठरवून घ्या. ही मागणी छोटी आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी ती मान्य होते.

तिसरी पायरी: पहिल्या आठवड्यात धोक्याची वही

चाळीस पानी वही घ्या. रोज पाळी संपल्यावर टोळीतल्या सगळ्यांना एकच विचारा: आज कुठे भीती वाटली? कोणी सांगेल, प्रेसजवळ तेल सांडलंय, पाय सरकला. कोणी सांगेल, चटईच्या प्लांटपाशी प्लास्टिक वितळतं तिथे हवा येत नाही, डोकं दुखतं. कोणी सांगेल, पोत्याची थप्पी कलली आहे. तारीख टाकून दोन ओळी लिहा. ज्याला लिहिता येत नाही तो सांगेल, दुसरा लिहील.

काय पाहायचं ते कामागणिक बदलतं. जिनिंगमध्ये पट्टे आणि रोलर हा एक धोका, आणि रुईची धूळ हा दुसरा. सुट्टीनंतर कामावर आलं की छाती आवळल्यासारखी होते, श्वास लागतो, आणि मग एक-दोन दिवसांत बरं वाटतं, असं कोणी सांगितलं तर ते सर्दीवर ढकलू नका. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची ही ओळखीची खूण आहे. हा आजार कायद्याने व्यवसायजन्य मानलेला आहे, म्हणजे त्याची भरपाई मिळू शकते. पण त्यासाठी डॉक्टरला "मी जिनिंगमध्ये काम करतो" हे सांगावं लागतं. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही. खरा उपाय म्हणजे धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि चालू पंखे, आणि तीच मागणी करायची.

नंदुरबारच्या पथारीवर आणि दोंडाईच्याकडे मिरचीची डेखं (देठं) खुडणाऱ्या बायकांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मशीन नाही, पण किलोवर मजुरी आहे. किलोवर मजुरी असली की उठून पाणी प्यायला गेलेला वेळ आपल्याच पैशातून कापला जातो, म्हणून बाई उठत नाही. डोळे जळतात, हात जळतात, तरी बसून राहते. अशा ठिकाणी एकीने विश्रांती मागून भागत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी उठायचं, दोन तासांनी दहा मिनिटं, असं मालकाशी ठरवून घ्या. मग कोणीच मागे पडत नाही. सावली, धुवायला भरपूर पाणी आणि जवळ संडास, या तीन गोष्टी वहीत सगळ्यात वर लिहा.

रसायनाचं काम असेल तर ड्रमवर काय लिहिलंय ते वाचा, वाचता येत नसेल तर फोटो काढून कोणाकडून तरी वाचून घ्या. शिरपूरजवळच्या वाघाडीत ३१ ऑगस्ट २०१९ ला रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला आणि दहापेक्षा जास्त माणसं गेली. आपण हाताळतो ते रसायन काय आहे, सांडलं तर काय करायचं, अंगावर पडलं तर काय करायचं, हे विचारणं हा कामगाराचा हक्क आहे. डिसेंबर १९८४ च्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा माहितीचा हा हक्क आणि सुरक्षा समितीत कामगारांची जागा या दोन्ही गोष्टी आल्या. नव्या संहितेच्या कलम १४ मध्येही तो हक्क आहे, आणि तो फक्त कायम कामगारांपुरता नाही.

मे महिन्यात काम असेल तर ऊन हाही धोकाच. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून वाईट असतं. गरगरणं, घाम थांबणं, बडबड सुरू होणं, यातलं काही दिसलं तर माणसाला लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, गाडी बोलवा.

चौथी पायरी: बोलायचं कसं

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, कारण नवा माणूस इथेच अडतो. त्याला धोका दिसतो, पण "उद्यापासून येऊ नको" हे तीन शब्द त्याहून मोठे वाटतात. ही भीती खोटी नाही. हंगामी माणसाला काढायला कागदही लागत नाही. म्हणून बोलण्याची पद्धत अशी हवी की एका माणसाकडे बोट दाखवता येणार नाही.

आधी टोळीत बोला. वहीतल्या दहा गोष्टींतून एकच निवडा, जिच्याने जीव किंवा हातपाय जाऊ शकतो ती. दहा तक्रारी एकदम नेल्या तर त्या रडगाणं वाटतात आणि एकही सुटत नाही. मग मुकादमाला बरोबर घ्या. मुकादम ठेकेदाराचा माणूस असला तरी तो बहुधा तुमच्याच गावचा, तुमच्याच नात्यातला असतो, आणि अपघात झाला तर गावात उत्तर त्यालाच द्यावं लागतं. त्याला हे शांतपणे सांगा. मी पाहिलेल्या ज्या टोळ्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, त्या प्रत्येकीत मुकादम पुढे होता.

नंतर एखादा कायम कामगार शोधा. शिफ्टमध्ये जुना फिटर, ऑपरेटर किंवा इलेक्ट्रिशियन असतोच. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा. त्याला म्हणा, "भाऊ, तुम्ही इथे पंधरा वर्षं काढली, ही जाळी नेहमी अशीच असते का?" त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं. त्याच्या तोंडून गेलेली गोष्ट सुपरवायझर ऐकतो, आणि त्यालाही कळतं की हंगामी माणसाची जाळी ती आपलीही जाळी. माझ्या दालमिलमध्ये हे एवढंच झालं असतं तर पुरलं असतं.

मग सुपरवायझरला तोंडी सांगा, आणि त्याच दिवशी लेखी. लेखी म्हणजे अर्जच हवा असं नाही, मोबाईलवरचा मेसेजही चालतो. त्यात रडू नका, धमकी देऊ नका, फक्त वस्तुस्थिती, उपाय आणि दिवस लिहा. असा:

"नमस्कार साहेब. चार नंबर जिनच्या पट्ट्याची जाळी सोमवारपासून काढलेली आहे. रात्रपाळीत तिथून आम्ही सहा जण ये-जा करतो. जाळी गुरुवारपर्यंत बसवून द्यावी. तोवर ती बाजू दोरी लावून बंद ठेवावी, आम्ही दुसऱ्या बाजूने माल नेऊ. – रात्रपाळीची सगळी टोळी."

"तोवर" हा शब्द नीट पाहा. तो घातला की काम बंद पडत नाही, आणि साहेबाला लगेच "हो" म्हणता येतं. दुरुस्तीला चार दिवस लागतील, पण दोरी आज लागते. मेसेज एकाच्या नंबरवरून जाणार असेल तर तो मुकादमाच्या किंवा टोळीतल्या वयाने मोठ्या माणसाच्या नंबरवरून जाऊ द्या, नव्या पोराच्या नको. आणि काम झालं तर आभाराचा मेसेज नक्की पाठवा. पुढची गोष्ट सांगायला दार उघडं राहतं.

काही गोष्टींना तर साहेबही लागत नाही. एका जिनिंगमध्ये अडकलेला कापूस काढण्याआधी हात घालणारा मोठ्याने विचारायचा, "बंद शे का?" (बंद आहे का?) आणि स्विचपाशी उभा असलेला उत्तर द्यायचा, "बंद शे!" ते उत्तर येईपर्यंत हात आत जायचा नाही. हा नियम टोळीनेच केला होता. त्याला एक सुधारणा मी सुचवीन: मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावा आणि किल्ली हात घालणाऱ्याच्याच खिशात ठेवा. दुसरा कोणी चुकून चालू करण्याचा प्रश्नच राहत नाही.

पाचवी पायरी: सुरक्षा समिती असेल तर

मोठ्या आणि धोकादायक कारखान्यांत सुरक्षा समिती असते. सरकार आदेश काढून कोणत्या आस्थापनांनी ती करायची ते ठरवतं, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. नोटीस बोर्डवर नावं लावलेली असतात, ती पाहा. बहुतेक ठिकाणी त्यात ठेकेदारी कामगार एकही नसतो, आणि मशीनच्या सर्वात जवळ मात्र तोच उभा असतो. हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. तुम्ही सदस्य होऊ शकला नाहीत तरी समितीतल्या कामगार प्रतिनिधीला गाठा, वहीतली पानं दाखवा आणि पुढच्या बैठकीत हा विषय घ्या म्हणा. बैठकीच्या इतिवृत्तात तुमची जाळी लिहिली गेली की ती विसरणं अवघड होतं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या दिवशी मोठे साहेब शेडमध्ये येतात आणि शपथ घेतात. समितीकडून विषय मांडून घ्यायला तो दिवस चांगला.

सहावी पायरी: धोका आत्ताच समोर असेल तर

वायर उघडी आहे, टाकीतून वास येतोय, थप्पी पडायला आली आहे, अशा वेळी मेसेज आणि बैठका बाजूला. थांबा, बाजूला व्हा, इतरांना ओरडून सांगा, सुपरवायझरला बोलवा. जीवाला किंवा शरीराला लगेच गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क कलम १४ देतं. आणि टाकीत किंवा गटारात बेशुद्ध पडलेल्याला काढायला मागोमाग कोणीही उतरू नका. आतली हवा विषारी असेल तर दुसरा, तिसरा तसाच पडतो. बाहेरून हवा सोडा आणि मदत बोलवा.

कारखान्यात ऐकतच नसतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे ज्याला आपण फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतो त्याच्याकडे, अर्ज करता येतो. मजुरी, जादा तास, नेमणूक पत्र यासाठी जळगाव आणि धुळ्याला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. बारा-बारा तासांच्या पाळ्या हाही सुरक्षेचाच विषय आहे, कारण बोटं बहुधा दहाव्या-अकराव्या तासाला जातात. कायद्याने दिवसाचे तास आठ, आठवड्याचे ४८, आणि त्यावर दुप्पट दर. अर्जात "नाव गुप्त ठेवावं" असं स्पष्ट लिहा, वहीतल्या तारखा आणि फोटो जोडा, आणि पोच घ्या.

सातवी पायरी: लागलंच, तर

इथे एक गोष्ट जपा. दवाखान्यात नेताना अनेकदा सांगितलं जातं, "घरी पडलो म्हण, खर्च आम्ही करतो." ऐकू नका. डॉक्टरला खरं सांगा: कुठे, किती वाजता, कोणत्या मशीनवर. केसपेपरवर "घरी पडला" लिहिलं गेलं की पुढची सगळी भरपाई अडते. त्यांनी केलेला खर्च मलमपट्टीपुरता असतो, गेलेलं बोट आयुष्यभराचं असतं.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आणि योजना लागू असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्का कापला जातो आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ठेकेदाराने भरलं नाही तर आधी कारखानदाराने भरायचं असतं, नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करतो. कामावर दुखापत होऊन काम बुडालं तर सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, आणि त्यासाठी किती दिवस नोकरी झाली याची अट नाही. पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. म्हणून कामाला लागताच आपला विमा नंबर मागून घ्या. ईएसआय नसलेल्या ठिकाणी भरपाईची जबाबदारी मालकावर येते, आणि ठेकेदार पळाला तरी मूळ कारखानदार सुटत नाही. पहिल्या पायरीत कारखान्याचं नाव लिहून घ्यायला सांगितलं होतं ते यासाठी. अपघात नोंदवहीत नोंद झाली का, ते टोळीतल्या दोघांनी जाऊन पाहा आणि त्या पानाचा फोटो काढा.

लागलं नाही, थोडक्यात वाचलं, तरी वहीत लिहा. आमच्या दालमिलमध्ये त्या रात्रीच्या आधी दोन वेळा बाही ओढली गेली होती.

होळीला टोळ्या परत गावी जातात, सातपुड्यात तर होळीसाठी कोणी थांबतच नाही. जाण्याआधी वहीचा फोटो काढून ठेवा आणि मूळ वही शिफ्टमधल्या त्या जुन्या भाऊकडे द्या. पहिल्या पानावर लिहा, कोणती जाळी बसली, कोणती अजून बाकी आहे, कोणाशी बोललं की काम होतं. पुढच्या दिवाळीला तुम्ही याल किंवा तुमचा चुलतभाऊ येईल. त्याने पहिल्या पाळीआधी ती वही मागून घ्यावी.